थेंबसुद्धा गळत नाही

धोंडूने शेवटचा बोल्ट सोडला आणि साखळीवर टांगलेल्या इंजिनाखालून ऑइलचं चेंबर दोन्ही हातांनी अलगद खाली घेतलं. तळाच्या काळ्या ऑइलात बेरिंगचा चुरा चकाकत होता. तो असणारच, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बोट फिरवलं. बोटाला काहीतरी मऊ लागलं.

त्याने ते उपसून उजेडात धरलं. लाल, रबरासारखं, गांडुळासारखं वळलेलं. आणखी एक निघालं. मग आणखी एक. जाळी पार बुजली होती.

बाहेर गाडीचं दार वाजलं. धोंडूने ते तुकडे चिंधीत गुंडाळून खिशात टाकले.

दीपकशेठ आत आले. त्यांच्या मागून त्यांची मुलगी राही कुबडी टेकत येत होती. दाराच्या पायरीशी ती अडखळली. शेठ थांबले नाहीत.

"झालं बघून?"

"रॉड तुटून बाहेर आलाय, शेठ. ब्लॉकला भोक पडलंय."

"मग भंगारात घाल. दुसरं इंजिन परवा मुंबईहून येतंय. ते बसव, गाडी विकून टाकतो. दारात नको मला ती."

"हेच दुरुस्त करायचं," राही म्हणाली. "ब्लॉक वेल्ड होतो, स्लीव्ह बसते. सगळं उघडा, काका. का फुटलं ते कळल्याशिवाय बदलायचं नाही."

शेठनी तिच्याकडे मान वळवली नाही. "धोंडू, भोक पडलेली बोट कोण दर्यात घालतं, विचार हिला."

महिनाभर त्या घरात असंच बोलणं चाललं होतं, तिसऱ्या माणसाच्या तोंडून. शिमग्याच्या चार दिवस आधी राही धाकट्या भावाला, समर्थला, घेऊन लांज्याहून येत होती. हातखंब्याच्या अलीकडे वळणावर इंजिन जाम झालं, गाडी आडवी फिरली आणि मागच्या डंपरने समर्थची बाजू चेपली. घराला समर्थचं सुतक, म्हणून यंदा शिमग्याची पालखी शेठच्या दारी न थांबता पुढे गेली. ताकदीची गाडी, तरणी पोर. पोरीने ताणली असणार, असं सगळ्या गावाने ठरवून टाकलं. शेठनी तर कधीच.

"मी ऐंशीला होते," राही म्हणाली. "ऑइलचा लाल दिवा लागला. पाय काढेपर्यंत..."

"ऐंशीला इंजिन फुटत नाही! आमचा बोट हाकणारा तांडेलसुद्धा सांगेल."

"काका, तुम्ही खरं सांगा. माझ्या हातून झालं?"

धोंडू चिंधीने हात पुसत राहिला. हात कधीचे कोरडे झाले होते.

मिरकरवाड्याच्या जेटीवर लोक म्हणायचे, धोंडूच्या हाताखालून गेलेलं मशीन थेंबसुद्धा गळत नाही. तीस वर्षं त्याने शेठच्या बोटींची मशिनं बांधली होती. जोडावर लाल पेस्ट सढळ हाताने लावायची आणि वरून अंगठा फिरवायचा, ही त्याची रीत. बोटीच्या मशिनातल्या ऑइलच्या जाळीतून अख्खा खेकडा शिरेल. आत सुटलेला पेस्टचा तुकडा कुठे अडत नसे. या गाडीची जाळी चहाच्या गाळण्यासारखी बारीक. जानेवारीत हे चेंबर त्यानेच बसवलं होतं. पेस्टची रेघ डोळ्यांना नीट दिसेना, म्हणून वरून दुसरा हात दिला होता.

भंगारवाल्याचा टेम्पो कोपऱ्यावरच उभा असे. हाक मारली तर संध्याकाळपर्यंत इंजिनाचे तुकडे झाले असते.

राही कुबडीवर रेलून त्याच्याकडे बघत होती. घरात तिच्याकडे कुणी बघत नसावं, असं तिचं बघणं होतं.

धोंडूने खिशातून ती गुंडाळलेली चिंधी काढली आणि शेठच्या तळहातावर उघडली.

"हे काय?"

"चेंबरला लावतो ती पेस्ट. आत सुटली नि जाळीत बसली. ऑइल वर गेलंच नाय."

"कोणी लावली?"

"माझ्याशिवाय ह्या गाडीला कोणी हात लावलाय, शेठ?"

शेठनी एक तुकडा चिमटीत धरून ताणला. तो तुटला नाही. त्यांचा हात वर उठला. धोंडूने तोंड चुकवलं नाही. हात तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला.

"पोरीने गाडी ताणली नव्हती," धोंडू म्हणाला.

राहीच्या हातातून कुबडी सुटून फरशीवर आपटली. शेठ वाकले, त्यांनी ती उचलली, पण तिच्या हातात दिली नाही. दाराच्या पायरीवर जाऊन, बाहेर तोंड करून, हाताचं कोपर बाजूला काढून ते उभे राहिले. भिंतीला धरत धरत राही तिथवर पोचली आणि तिने ते कोपर धरलं.

"इंजिनाचं काय करू, शेठ?"

"राहू दे तसंच. कोणी हात लावायचा नाही. तू तर नाहीच."

गाडी गेली. धोंडू टांगलेल्या इंजिनाकडे बघत बसला. मग एकदम उठला आणि फोन शोधू लागला. लांज्याच्या ज्ञानेश्वरी डॉक्टरीणबाई. त्यांच्या नव्या गाडीचं चेंबरही पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच, लाल पेस्ट लावून, बसवलं होतं.

"बाई, गाडी कुठाय?"

"दारात. मुलांना शाळेतून आणायला निघालेच आहे."

"चालू करू नका. चावी काढा. मी येतो."

"का ओ? गळतेय की काय?"

"नाय," धोंडू म्हणाला. "थेंबसुद्धा गळत नसेल."