आले, आले, दोन मिनिटं

“घड्याळकाका, ऐकताय ना? जुन्या वेळेचं ते मागचं दार आता बंद करू या का?” पडद्यावरच्या चौकटीतून टीममधल्या पोरीने विचारलं. “अजून वापरतं का कोणी ते?”

घड्याळकाका हे नाव त्याला टीमनेच चिकटवलं होतं. सी या संगणकभाषेच्या लायब्ररीतला, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार साठ्यातला, वेळेचा भाग तो सांभाळायचा. जुने प्रोग्राम वेळ लहान मापात मोजत. ते माप भरत आलं, म्हणून नवं मोठं माप आलं. पण जुन्यांचे हाल नकोत म्हणून त्याने त्यांच्यासाठी एक मागचं दार उघडं ठेवलं होतं. ते राखता राखता सगळे मेटाकुटीला आले होते.

तो खिडकीकडे पाहत राहिला. तिथल्या कुंड्यांना पाणी घालणारा पंप बायकोच्या प्रोग्रामवर चालायचा. ती गेली, तिचा लॅपटॉप बिघडला, त्यात प्रोग्रामचा मूळ मजकूरही गेला. उरला तो घरच्या मशीनवर चालता प्रोग्राम, जुन्या मापाचा; मूळ मजकुराशिवाय तो नव्या मापात बसवता येत नव्हता. दार बंद झालं की तो पुन्हा सुरू होणार नव्हता. तिच्या हातचं हलतं-चालतं असं घरात तेवढंच होतं.

“काका?”

“नाही, कोणी वापरत नाही. करा बंद.”

“अरे वा! मला वाटलं, तुम्ही भांडाल.”

“म्हातारा झालो, पोरी. भांडताना दम लागतो.”

घरचं मशीन जुनंच ठेवता आलं असतं. पण लोकांच्या गळ्यात मारायचं ते आधी आपल्या घरी चालवायचं, हा त्याचा खाक्या. त्यापायी त्याने बायकोची बोलणीही पुष्कळ खाल्ली होती.

कॉल संपल्यावर बायकोचा प्रोग्राम थांबवायला त्याने कळा दाबल्या. हे काम इतक्या वर्षांत त्याच्यावर कधी आलंच नव्हतं. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आले, आले. दोन मिनिटं.’

थांबायचा इशारा मध्येच झेलायची सोय तिने प्रोग्राममध्ये करून ठेवली होती. इशारा आला की हातातलं काम तिथेच टाकायचं नाही, नुसती खूण करून ठेवायची आणि काम उरकून मग थांबायचं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. आणि कुठेही निघताना तो दारात किल्ल्या वाजवत उभा राहिला की ती आतून हेच ओरडायची.

“तुझी दोन मिनिटं म्हणजे पुढचा महिना!” तो खेकसायचा. आयुष्यभर त्याने ती दोन मिनिटं तिला सुखाने घेऊ दिली नाहीत. आता त्याला रडू आलं.

जबरदस्तीने बंद करायचाही एक इशारा असतो. तो कोणत्याच प्रोग्रामला झेलता येत नाही. त्याने हात मांडीवर ठेवले आणि वाट पाहिली.

पंप सुरू झाला. एकेक कुंडी भिजली. शेवटची भिजल्यावर पंप थांबला आणि पडद्यावर आलं: ‘झालं. चला.’

त्याखाली नुसता कर्सर लुकलुकत राहिला. त्याने नवी लायब्ररी चढवायला लावली, खुंटीवरच्या किल्ल्या काढल्या, वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट धरल्या आणि दारापाशी जरा वेळ उभा राहिला.