नूडल्सच्या दुकानातला हस्तिदंत

मित्रांनो, मी बिलियर्डसारखा टेबलावरचा पूल खेळायची एक जुनी काठी आहे. मोडलेली नाही आणि रडगाणं गायला आलेलीही नाही. माझ्याबद्दल नऊ वर्षं खोटं बोललं गेलं, ते सांगायला आले आहे.

फोंगयुआन शहरातल्या एका गल्लीत, काठ्या घडवणाऱ्या शाव उस्तादांच्या लेथवर माझा जन्म झाला. माझी मूठ आबनुसाच्या लाकडाची. आबनूस दिसायला काळाभोर, पण महाहट्टी. तिथल्या दमट हवेत वाळता वाळता तो तडकला. मग उस्तादांनी त्याला लांबलचक भोक पाडलं आणि आत मेपलच्या लाकडाचा दांडा चिकटवून बसवला. त्यामुळे मी हलकी झाले आणि कधी वाकले नाही. माझे दोन तुकडे जिथे जोडतात तिथे पांढरं कडं हवं होतं. शेजारी गोमांसाच्या नूडल्सचं दुकान होतं. तिथून उस्तादांनी हाडाची एक जाड नळी रश्शात पडण्याआधीच उचलून आणली, चरबी काढून उन्हात पांढरी केली आणि त्यातून कडं कातलं.

यात लाजण्यासारखं काय होतं? काहीच नाही. तरी मला बांधलेल्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, ‘अखंड आबनूस, हस्तिदंती कडं.’ गल्लीतले सगळे तसंच लिहायचे. पांढरं दिसलं की हस्तिदंत! कुणी विचारत नव्हतं.

मला घेतलं टपाल वाटणाऱ्या च्वो इंगने. तिच्या हातात मी खूप जिंकले. लोक माना डोलवायचे, “हा हस्तिदंताचा आवाज बरं का!” एक जण तर म्हणाला, “मलाही अस्सल हस्तिदंताची करून हवी.” माझा जळफळाट झाला. खोट्याचं कौतुक ऐकून माणूस खरं मागायला लागतो आणि त्या खऱ्यासाठी कुठेतरी हत्ती मरतो.

मग इंगची ओसाकाच्या स्पर्धेसाठी निवड झाली. तिने माझ्या चिठ्ठीवरचं सगळं प्रामाणिकपणे कस्टमच्या अर्जात उतरवलं. कस्टमचा अधिकारी म्हणाला, “हस्तिदंत? मग काठी इथेच राहील, बाई. परवान्याला महिने लागतात.” सामन्याला आठ दिवस उरले होते आणि परक्या काठीने इंगला दोन चेंडू धड पाडता येत नव्हते.

ती तडक उस्तादांकडे गेली.

“प्लॅस्टिक लिही नि जा,” उस्ताद सुपारी चघळत म्हणाले. “कोण बघतंय?”

“म्हणजे आणखी एक खोटं? हे आहे तरी काय?”

उस्तादांचं तोंड थांबलं. “हाड. गाईचं. शेजारच्या दुकानातलं.”

“नऊ वर्षं मी गावाला हत्ती सांगत फिरले, आणि माझ्या हातात रश्शाची नळी होती?”

“अगं पोरी, सगळेच लिहितात.”

“सगळे गेले चुलीत! आता हाड म्हणताय, तेही कशावरून खरं?”

हे त्यांना झोंबलं. त्यांनी मला जोडापाशी उघडलं, खिडकीजवळ धरलं आणि तिच्या हातात भिंग दिलं. “बघ. सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात? गाय जिवंत होती तेव्हा त्यांतून रक्त फिरायचं. हस्तिदंताला ठिपके नसतात. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या वाकड्या रेघा असतात, जाळीसारख्या.”

इंगने बराच वेळ पाहिलं. “आणि आबनूस अखंड आहे?”

“...पोटात मेपल आहे.”

“तेही लिहा.”

“हसतील मला! चाळीस वर्षांचं नाव आहे माझं.”

“जिंकले मी याच मेपलवर. त्याची लाज कसली? खरं लिहा, सही करा, शिक्का मारा. तोवर मी उठत नाही.”

हेल्मेट मांडीवर घेऊन ती दारातच बसली. उस्तादांनी लेथ सुरू केला. जेवणाची वेळ गेली. दोन गिऱ्हाइकं तिला ओलांडून आत आली नि तिचे डोळे पाहून परत गेली. दुपार कलली तेव्हा लेथ थांबला.

उस्तादांनी माझी चिठ्ठी नव्याने लिहिली: ‘बाहेर आबनूस, आत मेपल, कडं गाईच्या हाडाचं.’ मग फळीवरच्या सगळ्या काठ्या खाली काढल्या आणि एकेकीची जुनी चिठ्ठी फाडली. तिघींवर त्यांनी लिहिलं, ‘लाकूड कोणतं, माहीत नाही.’

कस्टमवाल्याने चिठ्ठी वाचली, भिंगातून पाहिलं. “हाडच की! जा.”

ओसाकात इंग दुसऱ्याच सामन्यात हरली. खरं बोललं म्हणून चेंडू खळग्यात जात नाहीत. उस्तादांचीही गिऱ्हाइकं तुटली. एका व्यापाऱ्याने नव्या चिठ्ठ्या वाचून चार काठ्या परत धाडल्या. उस्तादांनी त्या ठेवून घेतल्या, पण चिठ्ठ्या बदलल्या नाहीत.

मित्रांनो, मला पुसा, उन्हात टाकू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. माझी चिठ्ठी सांभाळा. उद्या मी दुसऱ्या हातात जाईन, तेव्हा गाईच्या हाडाची, मेपलच्या पोटाची काठी म्हणूनच जाईन. तशी नको असेन, तर मला घेऊच नका.