डॉक्टर आल्मेयदांचा सल्ला

यूनिएलने स्टुलावर चढून भिंतीवरच्या कर्ण्याची वायर खेचून पाहिली, खाली उतरला आणि फोनवर बोट ठेवलं. कर्णा पेपर वाचू लागला.

समोर शंभर माणसं चिरूट वळत बसली होती. कामाहुआनी गावच्या या कारखान्यात त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचा, ही सोराइदाची अकरा वर्षांची नोकरी. आज मात्र ती आपल्याच चौथऱ्याच्या पायरीवर, पर्स मांडीवर घेऊन, पाहुणीसारखी बसली होती. वाचन संपलं की कामगार मत देणार होते: बाई हवी की यंत्र? नवा मॅनेजर यूनिएल तसा मनाने वाईट नव्हता. पण यंत्राचा घसा बसत नाही आणि त्याला रजा लागत नाही, हे त्याने सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं.

उच्चार अगदी स्वच्छ होते, नाही म्हणायला जागा नव्हती. बेसबॉलची जीत आणि कुणाच्या तरी अंत्यविधीची बातमी यंत्राने एकाच सुरात वाचली. कुणी ओरडलं नाही, कुणी हळहळलंही नाही. शेवटचं पान संपलं आणि कर्णा गप्प झाला.

"आणि डॉक्टर आल्मेयदा?" पहिल्या टेबलावरून म्हाताऱ्या ओविदिओने विचारलं.

सोराइदाने मांडीवरची पर्स घट्ट आवळली.

कारण डॉक्टर आल्मेयदा नावाचा माणूस जन्मालाच आला नव्हता. ती नोकरीला लागली तेव्हाच कागदाच्या टंचाईत पेपराने आरोग्याचा कोपरा बंद केला, त्या दिवशी वेळ मारून न्यायला तिने स्वतःच्या मनाचं काहीतरी ठोकून दिलं होतं. मग सवयच लागली. दर अर्ध्या तासाने पाठ ताठ करा. फोनला उशीशी झोपवू नका, तो घोरत नसला तरी झोप खातो. जेवताना साहेबांचा विषय काढू नका, पित्त होतं. मतं सगळी तिची, नाव बिचाऱ्या डॉक्टरांचं!

"कोण आल्मेयदा?" यूनिएलने पेपर चाळला. "यात नाहीत."

"मग तुमचं यंत्र मधलं मधलं गिळतंय, साहेब," मिग्दालिया मागून म्हणाली. "डॉक्टर रोज असतात. माझी धरलेली मान त्यांनीच सोडवली."

"बाई, दाखवा बरं कुठे आहेत ते," यूनिएलने पेपर सोराइदापुढे धरला.

नोकरी तर गेलीच. पण ही शंभर माणसं आता काय म्हणतील? अकरा वर्षं थापा मारल्या बाईने! ती कशीबशी चौथऱ्यावर चढली आणि पेपर उघडून तिने तोंडासमोर धरला.

"डॉक्टर आल्मेयदा लिहितात..." आवाज चिरकला.

यूनिएल बघायला पुढे येऊ लागला. तेवढ्यात ओविदिओ गुडघे धरत उठला, मध्येच घुसला, तिच्या हातातून पेपर काढून घेतला, फिरवला आणि परत दिला. पेपर उलटा धरला होता.

"वाच आता," तो तिच्याजवळ पुटपुटला. "अगं, घरी पेपर आमच्याकडेही येतो. पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे सगळ्यांना."

सोराइदाने पेपरावरून पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या, पण खांदे हसून गदगदत होते. तिचे डोळे भरून आले आणि त्यातच हसूही फुटलं.

"डॉक्टर लिहितात," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "की पहिल्या टेबलावरच्या आगाऊ म्हाताऱ्यांनी कॉफीत चार चार चमचे साखर ओतू नये. आणि बाकीच्यांनी पाठ ताठ करावी, अर्धा तास झाला!"

शंभर पाठी ताठ झाल्या. मिग्दालियाने तंबाखूचं पान कापायचं पातं टेबलावर आपटलं. इथली टाळी तीच. मग दुसरं पातं, तिसरं, आणि बघता बघता सगळा हॉल दणाणू लागला.

"अहो, मतदान अजून व्हायचंय!" यूनिएल ओरडला. ऐकतंय कोण! तो कर्ण्याखाली उभा राहिला, आणि पाठ त्याचीही ताठ झाली होती.

आवाज ओसरला तसा तो चौथऱ्यापाशी आला. आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाला,

"बाई, रात्री झोप लागत नाही, त्यावर डॉक्टर काही लिहितात का हो?"

सोराइदाने पेपराची नीट घडी घातली.

"उद्या लिहितील," ती म्हणाली.