रिकामी ठरवलेली ससीण

"उचलू नका, मालक. त्याचं त्याला येऊ दे," आत्या म्हणाली.

मालक पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला होता. मी दाराशी चाऱ्याची पाटी घेऊन उभी होते. पाच पिल्लं पेटीतून बाहेर येऊन चाऱ्यात तोंड घालत होती. सहावं आतच, मागचे पाय फाकवून, ओल्या बोळ्यासारखं पडलेलं.

चूक आत्याचीच. ससिणीच्या पोटाला बोटं लावून गाभण की रिकामी, हे सांगायचं तिचं काम. रिकामीला मूठभरच खुराक, नाहीतर ती चरबी धरते आणि मग गाभ राहत नाही. ह्या पिल्लांच्या आईला, करडीला, आत्यानं रिकामी म्हटलं. बिचारी महिनाभर अर्धपोटी राहिली आणि एका सकाळी अंगावरचे केस उपटून, पेटीत अंथरून मोकळी झाली. पिल्लं कसली, सुकलेल्या शेंगा. आईलाच मिळालं नाही तर पिल्लांच्या मांडीवर मांस कुठून येणार?

तेव्हाच मालक म्हणाला होता, "एक जरी लुळं निघालं, तर पोटं तपासायला दुसरी बाई बघतो."

मग आत्यानं करडीला माहेरी आलेल्या लेकीसारखं खाऊ घातलं. दूध वाढलं, पाच सावरली. राहिलं हे एक.

"एवढा मुरलेला हात, आत्याबाई. चुकला कसा?" मालकानं पेटीकडे बघत विचारलं.

"चुकला," आत्या म्हणाली. एवढंच.

माझं डोकं सटकलं. "इतकी वर्षं चुकला नाही, तेव्हा विचारलंत का कधी?"

"तू गप गं. जीभ आहे का कात्री?" आत्या माझ्यावर खेकसली.

उचलू नका म्हटलेलं न ऐकता मालकानं पेटीत हात घातला आणि पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचललं. त्यानं अशी लाथ झाडली की मालकाच्या मनगटावर लाल ओरखडा उठला. हातातून सुटलं ते दोन उड्यांत आईच्या पोटाखाली.

"झोपलं होतं मेलं," मी म्हटलं.

मालक मनगट चोळत हसायला लागला. आत्या भिंतीला टेकली. तिनं सोडलेला श्वास मला दाराशी ऐकू आला.

मालकानं शेजारच्या पिंजऱ्यातली पांढरी ससीण काढून आत्यापुढे ठेवली. "बघा हिचं."

आत्यानं पदराला हात पुसले. डोळे मिटून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"कळत नाही अजून," ती म्हणाली. "आठ दिवसांनी सांगते. तोवर पोटभर घालू."

आणि तिनं पांढरीचं भांडं काठोकाठ भरलं.