लाल शाईची कव्हरं

दिवसाला शंभर केसपेपर. आमच्या सरकारी इस्पितळात माझ्याइतका झरझर हात कुणाचाच चालत नव्हता, आणि हे मी नाक वर करून सगळ्यांना ऐकवायचे. जुने, हाताने लिहिलेले केसपेपर वाचायचे आणि कॉम्प्युटरवर रकाने भरायचे, एवढंच काम. मळकी पुठ्ठ्याची कव्हरं मी फाडून कोपऱ्यात फेकायचे. रेकॉर्डरूमचे काका ती उचलून नंबरवारी सुतळीने बांधायचे. काका, रद्दीवर एवढी माया कशाला, असं मी त्यांना चिडवायचे. ते नुसते हसायचे.

'कोणतं औषध सोसत नाही?' हा रकाना माझा लाडका. आत कधी काही लिहिलेलंच नसे. 'काही नाही' दाबलं की पुढे.

काल सकाळी चहा पिता पिता काकांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, सगळ्यांना सगळी औषधं सोसतात होय? मग त्यांनी एक गठ्ठा सोडला. जुन्या सिस्टर ते आत लिहीतच नसत. घाईच्या वेळी केसपेपर कोण उघडणार? म्हणून थेट कव्हरवर, लाल शाईने.

तीन हजार वेळा मी 'काही नाही' दाबलं होतं.

नोकरी जाईल, हे आधी डोक्यात आलं. खोटं कशाला बोलू? काकांनी मात्र एवढंच विचारलं, "आत्ता वॉर्डात यातले किती आहेत?"

अकरा होते. आम्ही दोघांनी खाली बसून गठ्ठे उपसले. नवव्या कव्हरवर लाल अक्षरं सापडली: पेनिसिलिन देऊ नये. वॉर्डाच्या यादीत तो नंबर खाट सातचा होता, आणि ऑपरेशन त्याच दिवशी.

मी जिना धावत चढले. सिस्टर पेनिसिलिनचं इंजेक्शन भरून खाटेपाशी पोचलीच होती. मी कव्हर तिच्यापुढे धरलं.

"थांबा. कॉम्प्युटरमध्ये चुकीचं आहे. मीच भरलंय ते."

तिने कव्हर वाचलं आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. ती ओरडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

खाटेवरच्या आजी आमच्याकडे बघत होत्या. हे औषध चालत नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का, असं मी विचारलं.

"ठाऊक होतं की," आजी म्हणाल्या. "पण मला कुणी विचारलंच नाही, पोरी. म्हणाले, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे."