मावशीच्या जागी मशीन

मी मशीन दुरुस्त करते. नाणं टाकलं, बटण दाबलं, की वस्तू खाली पडते, तसली मशीनं. सतरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं एकही मशीन बिघडलं म्हणून परत आलेलं नाही, आणि हे मी ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत समोरच्याला सांगते. गर्विष्ठ म्हणा, चालेल.

माझी मावशी नोंदणी कार्यालयात जिन्याखाली छोटा काउंटर चालवते. तिथे माणसं बाळाच्या जन्माची नोंद करायला येतात, लग्न करायला येतात आणि घरातलं कुणी गेलं की तेही कळवायला येतात. येताना हटकून काहीतरी विसरतात. मावशी नेमक्या त्याच वस्तू विकते: पेन, रुमाल, वाचायचे चष्मे, बाळाची लाळेरी, तयार गाठीचे टाय, पितळी अंगठ्या. हो, अंगठ्याही. तेवीस वर्षांत सोळा नवरदेव अंगठी घरी विसरले आणि मावशीला ते सोळाच्या सोळा तोंडपाठ आहेत.

यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सहा आठवडे घरी. तिकडे कार्यालयाचे अधीक्षक म्हणाले, जागा इतके दिवस रिकामी ठेवता येणार नाही, बाक टाकू. बाक एकदा आला की हलणार नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं. मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, तोवर मी मशीन लावते.

"मशीन रुमाल विकणार?" मावशीने पलंगावरून विचारलं.

"अगं, जगात मशीनमधून काय काय विकतात! अंडी, फुलं, छत्र्या, गळाला लावायचे किडे. एके ठिकाणी तर जिवंत खेकडे."

"जिवंत?"

"डब्यात थंड करून ठेवलेले."

"आणि चावला म्हणजे?"

"मशीनवर फोन नंबर असतो, मावशी."

"म्हणजे एका बोटाला खेकडा लटकलाय आणि दुसऱ्या बोटाने नंबर फिरवायचा! वा!"

कंपनीने भंगारात काढलेलं एक मशीन मी दोन रविवार खपून ठाकठीक केलं. आत तारेची वेटोळी असतात. वेटोळं एक फेरा फिरलं की एक वस्तू पुढे सरकून पडते. म्हणून हलकं सामान वर आणि फुटणारं अगदी खाली, म्हणजे पडायला उंचीच नको. चष्मे तळाच्या रांगेत लावले. चाळीस खण होते, तेव्हा पाट्या बारीक, सुबक अक्षरांत छापल्या. अंगठ्यांना डब्या केल्या. काम असं झालं की मीच कौतुकाने बघत उभी राहिले.

मशीन चालू झालं आणि चालतच राहिलं. अधीक्षकांनी शेजारी दोरीने तक्रारवही बांधली होती. चौथ्या आठवड्यात त्यांनी मला वर बोलावलं.

"बाई, कमाल आहे! वही कोरी. असेच सहा आठवडे गेले तर मशीनच कायम ठेवू. काउंटरची गरजच काय?"

मी स्वतःची पाठ थोपटत जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर डोक्यात प्रकाश पडला. आपल्या हाताने मावशीच्या पायावर धोंडा पाडला होता, आणि तेही ऑपरेशन झालेल्या.

तिला सांगितलं तेव्हा तिने पांघरूण गुडघ्यावर नीट ओढलं. मग म्हणाली, "चालू दे गं. छान केलंयस तू." त्यापेक्षा तिने मला झोडपलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटच्या शुक्रवारी सकाळी मी पाना घेऊन गेले. एक नट अर्धा फेरा ढिला केला की झालं, दुपारपर्यंत वहीत दहा तक्रारी. मावशीही काठी टेकत आली होती, आपला थर्मास आणि स्टुलावरची उशी न्यायला. मी मशीनचं दार उघडलं, नटावर पाना ठेवला. हात वळेना. सतरा वर्षं ज्या हाताने घट्टच केलं, तो ढिलं करायला तयार होईना. चरफडत मी दार लावलं.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. हातात कोरा अर्ज. सगळे खिसे चाचपून झाले, मग मशीनसमोर वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. शेवटी अंदाजाने नंबर दाबला. खाली पडलं लाळेरं. पिवळं, बदकाचं. ते हातात धरून गृहस्थ नुसते उभे राहिले.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? सत्तावीस दाबलं, सत्तावीस मिळालं, मशीन बरोबर आहे.

मावशीने काठी जिन्याला अडकवली. "बसा भाऊ इथे. काय हवं होतं?"

"चष्मा. बायकोच्या पर्समध्ये असायचा माझा."

"कुणाची नोंद आहे?"

"तिचीच."

मावशीने आपला रुमाल त्यांच्या हातात दिला आणि अर्ज स्वतःकडे ओढला. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. मध्येच ती कशाला तरी हसली, मग तेही हसले. निघताना लाळेरं परत देईनात. म्हणाले, "पणतवंड यायचंय घरात. राहू दे."

मी तळाच्या रांगेपाशी वाकून पाहिलं. ज्याला चष्मा हवा, त्याला चष्म्याची पाटी चष्म्याशिवाय वाचताच येणार नाही! आणि तो तक्रार तरी कशी लिहिणार? म्हणून वही कोरी.

मी पेन काढलं. पहिल्या पानावर लिहिलं: "मशीन उत्तम चालते. पण समोर कोण उभं आहे आणि त्याला काय हवं आहे, हे ते विचारत नाही. काउंटरच्या जागी ठेवण्यास अयोग्य." खाली सही केली.

अधीक्षकांना खाली बोलावलं, त्यांनी वाचलं. "बाई, ही तुमच्याच मशीनविरुद्ध तक्रार आहे."

"हो."

"आणि सहीही तुमचीच."

"माझीच."

ते तळाच्या रांगेपाशी वाकले, पाटी वाचली. मग आपला चष्मा काढून पुन्हा वाचायला गेले. चष्मा चढवला, वहीची दोरी सोडली आणि ती घेऊन वर निघून गेले.

अर्धा तास आम्ही मावशी-भाची पायरीवर बसून होतो. मी जिन्याकडे बघत होते, ती मात्र थर्मासात मागवलेला चहा पीत होती. मग शिपाई वही घेऊन आला. माझ्या सहीखाली लाल शाईत कार्यवाही लिहिली होती: "तक्रार रास्त. मशीन पेन व टायपुरते ठेवावे. काउंटर पूर्ववत सुरू राहील. काउंटरवरील बाईंना स्टुलाऐवजी पाठीची, हातांची खुर्ची तातडीने द्यावी."

मावशीने ते दोनदा वाचलं. डोळे पुसायला रुमाल शोधू लागली, तर तो गेलेला. मी नाणं टाकून मशीनमधून एक काढून दिला.

"तेवीस वर्षं स्टुलावर काढली गं," ती म्हणाली. "एका ओळीत खुर्ची मिळते होय? मग कुणी आधी का नाही लिहिलं?"

इतकी वर्षं मी आठवड्यातून दोनदा तिथे जात होते, तिच्या हातचा चहा पीत होते, आणि मावशी, तुला बसायला नीट आहे ना, असं मीही कधी विचारलं नव्हतं.