तिसऱ्यांदा विचारायचं

आमच्या मिनेसोटात 'ड्रॉप बाय' म्हणायला कोणी चुकत नाही, येत मात्र कोणीच नाही. वाचनालयात दर मंगळवारी सकाळी मी परदेशातून आलेल्यांना इंग्रजी शिकवतो. त्या दिवशी फळ्यावर हेच दोन शब्द लिहिले. अर्थ सांगितला: आमंत्रणाची वाट न बघता सहज डोकावून जाणं. मग रीत सांगितली. आधी फोन करायचा नाही, हातात काहीतरी खायचं न्यायचं, आणि कॉफी विचारली की दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की बसायचं. पहिल्या फटक्यात हो म्हणणं म्हणजे हावरटपणा.

"आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?" हालिनानं विचारलं. ही युक्रेनहून आलेली, साठीची, बेकरीत पीठ मळणारी विधवा. सगळे हसले. विचारतातच हो, मी म्हटलं, आणि ऐटीत वर्गाला माझा पत्ताही देऊन टाकला.

माझी बायको व्हर्ना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून टपालवाल्याखेरीज माझं दार कोणी वाजवलेलं नाही. शनिवारी वाजलं. बाहेर हालिना, बुटांवर बर्फ, हातात खसखशीचा रोल. मला इतका आनंद झाला की काही सुचेना.

"कॉफी घेणार?"

"नको, नको."

"घ्या की थोडी."

"नको, तुम्हाला कशाला त्रास."

बिचारी घाईत असेल, उगाच मागे लागणं बरं नव्हे, असं मला वाटलं. ती बूट न काढता माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. मग "मंगळवारी भेटू, टॉफ्टे सर," म्हणून निघून गेली.

रोल कापायला घेतला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईनं माझाच धडा गिरवला होता, आणि मास्तर नापास झाला होता.

मंगळवारला तीन दिवस होते. चार वर्षांत मला कोणाची एवढी ओढ लागली नव्हती, आता कबूल करायला लाज कसली. रविवारी दुपारी व्हर्नाच्या पद्धतीनं लिंबाच्या वड्या केल्या आणि बेकरीच्या माडीवर, हालिनाच्या खोलीशी गेलो. फोन केला नाही.

तिनं दार उघडलं. हसली नाही.

"कॉफी?"

"हो," मी म्हटलं, आणि ती दारातून बाजूला व्हायच्या आधीच बूट काढायला वाकलो.